करुणेची ड्युटी कोणाची?

विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, एक प्रसंग आहे, तो बुद्धांच्या चित्रांमध्ये कोणी फारसा काढत नाही. कमळ असतं, बोधिवृक्ष असतो, डोळे मिटलेला शांत चेहरा असतो, हे सगळं आमच्याही हॉलमध्ये भिंतीवर आहे, पण हा प्रसंग नाही. एका भिक्खूला अतिसार झाला होता, म्हणजे सरळ सांगायचं तर हगवण, आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. बुद्ध आणि त्यांचा शिष्य आनंद विहारातल्या खोल्या बघत फिरत होते, फिरत फिरत त्याच्यापाशी आले. काय होतंय तुला, विचारलं. पोट बिघडलंय म्हणाला. तुझं करायला कोणी आहे का? नाही. का नाही? तर तो म्हणाला, मी बाकीच्या भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझं करत नाहीत.

मला हे वाक्य फार लागलं, कारण आपल्याकडे अंथरुणाला खिळलेलं प्रत्येक माणूस हेच बोलत असतं, "आता माझा काय उपयोग", आणि आपण "असं बोलू नये" म्हणतो आणि टीव्हीचा आवाज वाढवतो.

पुढे बुद्ध आनंदला म्हणाले, जा, पाणी घेऊन ये. आनंदने पाणी आणलं, बुद्धांनी ओतलं, आनंदने धुतलं, मग एकाने डोक्याकडून धरलं आणि एकाने पायांकडून आणि उचलून त्याला मंचकावर निजवलं. ज्यांनी कधी पेशंट उचललाय त्यांना हे डोक्याकडून-पायांकडून वाचल्या वाचल्या कळेल की ज्याने कोणी हे पहिल्यांदा सांगितलं त्याने माणूस उचलताना जवळून बघितलेलं आहे. नंतर बुद्धांनी सगळ्यांना जमवलं, चौकशी केली, आणि म्हणाले की बाबांनो, इथे तुमची आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने आजाऱ्याची करावी.

बाबासाहेबांनी हा प्रसंग ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये घेतलाय, त्यामुळे दर वर्षावासात कुठल्या ना कुठल्या संध्याकाळी तो आमच्या विहारात वाचला जातोच. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने वाचन चालतं, बायका पुढे सतरंजीवर, पुरुष मागे खुर्च्यांवर नाहीतर बाहेर चपलांपाशी मोबाईल बघत. प्रसंग वाचून झाला की सगळे साधू साधू म्हणतात आणि खीर खाऊन घरी जातात. यावेळी मात्र त्यावर जरा वाजलं, ते सांगतो पुढे.

त्याआधी हे सांगायचंय की मूळ विनयात गोष्ट इथे संपतच नाही. ‘आजाऱ्याची सेवा करा’ हे वाक्य आपण कॅलेंडरवर छापतो पण त्याच्या पुढचा भाग जास्त कामाचा आहे. पुढे लिहिलंय की आजारी भिक्खूला उपाध्याय, म्हणजे दीक्षा देणारा गुरू, असेल तर उपाध्यायाने त्याचं करायचं, तो बरा होईपर्यंत वाट बघायची, जन्मभर करावं लागलं तरी करायचं. उपाध्याय नसेल तर आचार्याने, म्हणजे शिकवणाऱ्याने. तोही नसेल तर शिष्याने, मग एकाच गुरूच्या हाताखालच्या दुसऱ्याने, असं करत करत कोणीच नसेल तर अख्ख्या संघाने. आणि नाही केलं तर दोष लागतो, दुक्कट म्हणतात त्याला. म्हणजे हा चक्क ड्युटी चार्ट आहे. कोणाच्या मनात किती कणव दाटली हा प्रश्नच त्यात नाही, नंबर लावलेत, तुझा नंबर आला की तू करायचं.

मला हे इतकं पटतं याचं कारण माझी आई. तिला लकवा मारला तेव्हा उजवी बाजू पूर्ण गेली आणि बोलणंही गेलं, नाही, पाणी, जा, असे चार-दोन शब्द तेवढे राहिले. हॉस्पिटलमधून घरी आणली तेव्हा डिस्चार्जच्या कागदावर औषधं होती, फिजिओचा नंबर होता आणि खाली एका ओळीत लिहिलं होतं की दर दोन तासांनी कूस बदला. दर दोन तासांनी म्हणजे रात्रीसुद्धा, हे कागद वाचताना कळत नाही, पहिल्या रात्री कळतं.

घरात प्रेमाची कमी नव्हती हो. ताई जालन्याहून यायची, बायको होती, मी होतो, सगळ्यांना आईचं वाईट वाटत होतं, पण वाईट वाटण्याने माणूस कुशीवर होत नाही. पेशंट सांभाळणारी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून एक मावशी आल्या तेव्हा पहिल्यांदा घरात कोणीतरी काम येणारं माणूस आलं. त्यांनी आल्या आल्या चादरीवर एक आडवी चादर दुमडून घातली, आईचा गुडघा वाकवला, एक हात खांद्यामागे आणि एक कमरेमागे, आणि मला म्हणाल्या, दादा, हाताने नका ओढू, चादर ओढा. एका झटक्यात आई कुशीवर. मग पाठीला उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी राहतील अशी खाली एक घडी. आणि मग बॅटरी घेऊन माकडहाडापाशी बघितलं, बोटाने दाबलं, दाबल्यावर पांढरं होऊन परत लाल होतंय ना हे मला दाखवलं. पांढरं झालं नाही तर समजायचं की बेडसोर सुरू झाला, तेव्हा लगेच सांगायचं. डॉक्टरांनी पण सांगितलं असतंच पण त्यांना टाइम कुठे.

खाऊ घालणं हा तर एक वेगळाच अभ्यास. लकव्याच्या पेशंटला साधं पाणी जास्त त्रास देतं, पेज बरी, कारण पातळ पदार्थ पटकन घशात उतरतो आणि ठसका लागतो, आणि तो ठसका छातीत गेला की न्यूमोनिया. पूर्ण उठवून बसवायचं, घास चांगल्या बाजूच्या गालात द्यायचा, गिळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. एक वाटी पेजेला पाऊण तास. त्या पाऊण तासात फोन वाजतो, कुकरची शिट्टी होते, दारात कुरिअरवाला येतो. त्या वेळी माझ्या मनात सर्व प्राणिमात्रांबद्दल मंगल भावना वगैरे काही नसायची, मनात एवढंच असायचं की गिळ ग बाई एकदाची. पण पुढचा घास मी तिने गिळल्यावरच द्यायचो, आणि माझं म्हणणं असं आहे की विनयाच्या हिशोबाने करुणा तिथे पूर्ण झाली.

असं मी माझ्या मनाने म्हणत नाहीये. त्याच प्रकरणात पुढे दिलंय की आजाऱ्याचं करणारा चांगला कोण, त्याच्या पाच गोष्टी. औषध तयार करता येतं. पथ्य काय आणि कुपथ्य काय ते कळतं, कुपथ्य समोरून उचलतो आणि पथ्य आणून ठेवतो. पैशाअडक्यासाठी न करता मैत्रीने करतो. मलमूत्र, थुंकी, ओकारी काढायची किळस करत नाही. आणि वेळ बघून धम्माचं चार शब्द बोलून आजाऱ्याला उभारी देतो. आता बघा, मैत्री त्यात आहे, पण तिसऱ्या नंबरला, आधी औषध आणि पथ्य. आणि किळस हा विषय सरळ नाव घेऊन लिहिलाय, थुंकीपासून ओकारीपर्यंत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या नर्सिंगच्या नियमात हे आहे आणि आपल्याकडे अजून लोक ‘त्यांचं सगळं जागेवरच आहे हो’ एवढ्यावर विषय संपवतात.

आणि मला खरी मजा वाटली ती याच्या उलट्या यादीची, म्हणजे कोणता पेशंट सांभाळायला अवघड. त्याचेही पाच मुद्दे आहेत. जे करू नये ते करतो, चांगल्या गोष्टीचंही प्रमाण पाळत नाही, औषध घेत नाही, दुखणं सहन करत नाही, आणि जो त्याच्या भल्यासाठी झटतोय त्याला आजार जसा आहे तसा सांगत नाही, वाढला असेल तर वाढला, कमी असेल तर कमी, असं खरं सांगत नाही. पेशंटला देव करून ठेवलेलं नाही, त्यालाही त्याच्या वाट्याचं काम दिलंय. अंथरुणावर पडलेला माणूस सुद्धा त्या हिशोबात एक जबाबदार माणूस आहे, हे मला फार मोठेपणाचं वाटतं.

आमच्याकडे हा शेवटचा मुद्दा अगदी डोळ्यासमोर घडला. उन्हाळ्यात आईची लघवी गढूळ व्हायला लागली, ताप, मग इन्फेक्शन निघालं, डॉक्टर म्हणाले पाणी कमी पडतंय. आम्ही म्हणायचो पितच नाही, तोंड घट्ट मिटून घेते, काय करणार. मावशींनी दोन-तीन दिवस नुसतं लक्ष ठेवलं आणि मग मला बाजूला बोलावून सांगितलं की दादा, आई माझ्या हातून दिवसभर व्यवस्थित पितात, चारनंतर बंद करतात. चारनंतर का? कारण मावशींची शिफ्ट सहाला संपायची आणि रात्रीचं मी करायचो. मुलाला आपलं धुवावं लागू नये म्हणून ती तहान दाबून झोपायची. बोलता येत नव्हतं पण हिशोब पक्का होता तिचा.

आता यावर उपाय काय? "आई, मी तुझाच मुलगा ना, लाज कसली" हे मी म्हणून बघितलं, त्याने काडीचा फरक पडला नाही, उलट ती भिंतीकडे बघायला लागली. उपाय निघाला तो वेगळाच. मावशींनी सांगितलं की साफ करताना कमरेवर एक पातळ टॉवेल राहू द्यायचा, खालून हात घालून काम करायचं, तिच्या तोंडाकडे बघायचं नाही, आणि त्या वेळी दुसरंच काहीतरी बोलत राहायचं, म्हणजे ताईकडे पाऊस झाला का, गल्लीत कोणाचं लग्न ठरलं, कोथिंबीर काय भाव मिळाली. मी कोथिंबिरीचे भाव सांगायला लागलो आणि आई रात्री पाणी प्यायला लागली. बरं, भाव चुकीचा सांगितला की ती "नाही" म्हणायची. पन्नास वर्षं बाजार केलेली बाई.

आता रडणाऱ्या पाहुण्यांबद्दल बोलतो. ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांना सांगायला नको. लोक येतात, सोबत सफरचंदं आणि ग्लुकोजची बिस्किटं, पेशंटला चावता येत नाही हा भाग वेगळा, आणि आल्या आल्या "काय हो ही अवस्था झाली" म्हणून पदर डोळ्याला. आमच्या एक लांबच्या काकू तर आईचा हात धरून इतक्या रडायच्या की आईच घाबरायची, मग काकूंना पाणी द्या, चहा ठेवा, त्यांचं बीपी आहे, त्यांना जरा पंख्याखाली बसवा. पेशंट एक होता, आता दोन झाले. काकू वाईट नाहीत, त्यांना मनापासून वाईट वाटतं यात शंका नाही. पण बुद्धघोष या बौद्ध आचार्याने पाचव्या शतकात विसुद्धिमग्ग या ग्रंथात लिहून ठेवलंय की करुणेचा लांबचा शत्रू क्रूरता, आणि जवळचा शत्रू शोक. लांबचा ओळखू येतो, जवळचा करुणेसारखाच दिसतो म्हणून घरात शिरतो. तो पुढे असंही म्हणतो की क्रूरता शमली तर करुणा साधली आणि त्यातून शोक निर्माण झाला तर ती फसली. काकूंना हे सांगायची माझी हिंमत नाही, पण चहा गाळताना मला बुद्धघोष आठवायचा एवढं खरं.

मी शोक वाईट म्हणत नाहीये, मूल गमावलेली किसा गोतमी आणि अख्खं घर गमावलेली पटाचारा यांच्या गोष्टी आपण ऐकलेल्या आहेत, ज्याचं गेलं तो रडणारच, त्यांना कोणी गप्प केलं नाही. पण मदतीला आलेल्या माणसाने पेशंटच्या पुढे जाऊन आपलंच दुःख मांडायचं नसतं एवढंच.

आता जरा अवघड विषयाकडे येतो. करणीय मेत्त सुत्तात, म्हणजे मैत्रीवरच्या सुत्तात, ती ओळ आहे ना, माता यथा नियं पुत्तं, आई जशी आपल्या एकुलत्या एका मुलाचं जिवापलीकडे रक्षण करते तसं सगळ्या प्राणिमात्रांबद्दल मन ठेवावं. सुंदर ओळ आहे, पाठ आहे सगळ्यांना. पण मला हल्ली असं दिसतं की आपण त्या ओळीतून सोयीचा अर्थ घेतलाय की करुणा म्हणजे आईचं काम, म्हणजे बाईचं काम, त्यांना ते उपजतच असतं. म्हणून सासरा पडला की सून, नवरा पडला की बायको, आई पडली की मुलगी नाहीतर पुन्हा सून. मुलगा काय करतो? मुलगा औषधं आणतो. मोठी पिशवी, खालचं बिल, वरचं बिल. आमच्याकडे सुद्धा लोक मला विचारायचे की तुम्ही स्वतः करता? आणि बायकोला कोणी कधी विचारलं नाही की तू स्वतः करतेस का, तिचं करणं हिशोबातच नव्हतं.

आणि गंमत अशी की विनयातल्या आजारी भिक्खूच्या त्या अख्ख्या प्रसंगात बाई कुठेच नाही. पुरुषाने पुरुषाचं धुतलंय, पुरुषांमध्ये नंबर लागलेत, किळस करू नये हे पुरुषांना सांगितलंय. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात तर मुलांसाठी आणखी स्पष्ट आहे, की एका खांद्यावर आई आणि एका खांद्यावर बाप घेऊन कोणी शंभर वर्षं फिरला, त्यांना तेल लावलं, अंग रगडलं, आंघोळ घातली आणि ते तिथेच खांद्यावर हगले-मुतले, तरी त्यांचं ऋण फिटत नाही. पुढे आईबापांना धम्माच्या वाटेवर लावणं वगैरे येतं, ते सगळे प्रवचनात सांगतात, पण हे खांद्यावरचं वाचलं जातं तेव्हा आवाज हळूच खाली येतो.

तर यावेळी विहारात वाजलं ते याच्यावरूनच. वाचन झाल्यावर मी उठून म्हटलं की आपल्या कॉलनीत आज पाच-सहा घरात अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत, सगळीकडे एकेकटी बाई करतेय, आपण पुरुषांनी आठवड्याचे वार वाटून घेऊ, निदान उचलायला, कूस बदलायला, दाढी करायला, दोन तास बसायला, तेवढ्यात ती बाई बँकेत जाऊन येईल, झोप काढेल, काहीही करेल. थोडा वेळ शांतता. मग आमचे एक ज्येष्ठ, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो, ते उठले आणि जरा चिडूनच म्हणाले, बाळा, माझ्या बापाने गावात मेलेली ढोरं ओढली, लोकांची घाण काढली, बाबासाहेबांनी सांगितलं सोडा हे, तेव्हा उपाशी राहून सोडलं, आणि आज तू धम्माच्या नावाने आमच्या पोरांच्या हातात परत दुसऱ्याची घाण देतोस?

हा प्रश्न खोटा नाही. ज्यांच्या घरात हा इतिहास नाही त्यांना ‘सेवा’ शब्द फार गोड लागतो, आम्हाला तो तपासून घ्यावा लागतो. शतकानुशतकं आमच्या लोकांनी जे केलं त्यालाही कोणी सेवाच म्हणायचं. आणि आजही बघा, सरकारी हॉस्पिटलमध्ये बेडपॅन भरला की धडधाकट नातेवाईक दारात उभं राहून "अहो स्वीपरला बोलवा" म्हणून ओरडतात, आणि तो स्वीपर, ती आया कोणत्या वस्तीतून येते हे सगळ्यांना माहीत आहे. काकांच्या रागाला उत्तर देताना त्यांना धम्म शिकवायला जाणं हा आगाऊपणा झाला असता.

मी त्यांना एवढंच म्हटलं की काका, त्या गोष्टीत पाणी कोणी ओतलं ते बघा. शाक्यांच्या, म्हणजे क्षत्रिय घरातला माणूस आहे तो, आणि आनंद त्याचा चुलतभाऊ. बुद्धांच्या त्या संघात उपाली होता, न्हावी. थेरगाथेत, म्हणजे थोर भिक्खूंच्या गाथांमध्ये, सुनीत आहे, वाळलेली फुलं, कचरा उचलणारा. पण "उपालीला बोलवा, सुनीतला बोलवा, हे त्यांचं काम" असं त्या प्रसंगात कोणी म्हणत नाही. पाणी आण म्हणाले आणि हाताने कामाला लागले. आणि नंतर जो नियम केला त्यात कुळ नाही, जात नाही, कोण कोणाचा गुरू आणि कोण कोणाचा शिष्य एवढंच आहे, आणि आज जो धुतोय तो उद्या आजारी पडला की त्याचं दुसरा धुणार. आपल्या आजोबांकडून जे करून घेतलं गेलं त्यात उलट फेरी कधी आली का? पाटलाने कधी त्यांचं अंग पुसलं का? ते काम घाणीचं होतं म्हणून वाईट नव्हतं काका, ते एकाच घराच्या माथी पिढ्यानपिढ्या मारलेलं होतं आणि त्यावरून आपल्याला घाणेरडं ठरवलं होतं, ते वाईट होतं.

काका बसले. पटलं असं म्हणाले नाहीत, "बघू" म्हणाले. त्यांचा बघू मला माहीत आहे, त्यात चार दिवस जातात.

बाबासाहेबांनी करुणेपाशी थांबायचं नाही असंही लिहिलंय, करुणा माणसांपुरती, मैत्री सगळ्या जिवांपर्यंत, अशी त्यांची मांडणी आहे, आणि 1956 ला नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही प्राणिमात्रांवर दयेची एक आहे. ते आमच्या पोरांना फार आवडतं, गल्लीतल्या कुत्र्यांना बिस्किटं घालतात, फोटो टाकतात, छान आहे, चालू ठेवा. फक्त त्याच गल्लीत पहिल्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ आठ दिवस दाढीविना पडलेत, त्यांचंही बघा, ते चावत नाहीत.

आपल्याकडची लेणी बघायला गेलात तर औरंगाबादच्या बुद्ध लेण्यांमध्ये, विद्यापीठाच्या मागे, सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराचं, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाचं, मोठं शिल्प आहे, दोन्ही बाजूंना आठ संकटं कोरलीत. आग, चोर, बेड्या, बुडणारं जहाज, सिंह, साप, हत्ती, आणि मरण. व्यापारी लोक त्या वाटांनी जायचे, त्यांची भीती तिथे दिसते. मी दरवेळी ते बघताना विचार करतो की ही सगळी एकदम येणारी संकटं आहेत, धावून जाणाऱ्याला दिसणारी. अडीच-तीन वर्षं अंथरुणावर पडून राहणं, त्यात कोरण्यासारखं काही नाही, तिथे कोणी धावत येत नाही, तिथे शिफ्ट लागते.

आणि शिफ्ट म्हटली की मावशींचा विषय राहिला. तिसरा मुद्दा आठवतोय ना, पैशासाठी न करता मैत्रीने. हा मुद्दा पुढे करून लोक कामवाल्या मावशींचे पैसे कापतात हे मी ऐकलंय, "मनापासून करा हो, पैशाचं काय", आणि सुट्टी मागितली की तोंडं वाकडी. अरे, तो नियम भिक्खूंसाठी आहे, ज्यांचं जेवण, चीवर म्हणजे अंगावरचं वस्त्र, संघाकडून चालतं, बारा तास उभं राहून घरी जाऊन परत स्वयंपाक करणाऱ्या बाईसाठी नाही. आणि त्याच प्रकरणात अजून एक गोष्ट आहे जी कोणी वाचत नाही. भिक्खू वारला की त्याचं पात्र आणि चीवर कोणाचं? बुद्ध म्हणतात, मालकी संघाची, पण ज्यांनी आजारपणात केलं त्यांचे मोठे उपकार आहेत, तेव्हा संघाने ते त्यांना द्यावं. म्हणजे संघासमोर उभं राहून रीतसर सांगायचं की हे पात्र, हे चीवर आजाऱ्याचं करणाऱ्याला दिलं. वारसा हक्कात सेवा करणाऱ्याचं नाव घातलंय.

आमच्याकडे आई गेल्यावर पुण्यानुमोदन, म्हणजे मरणानंतरचा आमचा विधी, झालं, भन्तेजी आले, सगळं रीतीने झालं, आणि नंतर वाटणीची वेळ आली तेव्हा मावशींना काय, यावर एक जुनी नऊवारी आणि स्टीलचा डबा असा प्रस्ताव आला होता. ताई कडक आहे आमची, तिने सांगितलं आईच्या कानातलं सोन्याचं मावशींना जाणार, आणि ते सगळ्यांच्या समोर द्यायचं, स्वयंपाकघरात नाही. थोडी कुजबुज झाली, झाली तर झाली. मावशी घेत नव्हत्या, मग घेतलं, आणि पुढच्या महिन्यात ते मोडून मुलाची फी भरली, हेही त्यांनी येऊन सांगितलं. एका नातेवाइकाला ते ऐकून वाईट वाटलं म्हणे, आठवण म्हणून ठेवायचं होतं. आठवणीचं काय करायचं ते मावशींचं त्या बघतील ना.

तर विहाराचं असं झालं की वार वाटून झालेत. काका पाचव्या दिवशी स्वतः आले, म्हणाले उचलणं मला जमणार नाही, कंबर साथ देत नाही, पण मी दाढी चांगली करतो, तेव्हा बुधवार आणि शनिवार ते दाढीची पेटी घेऊन फिरतात, आणि आता लोक बाकी कोणाकडून करूनच घेत नाहीत. सगळ्यात तयार निघाले ते रिटायर झालेले एक एसटी कंडक्टर, त्यांना गर्दीत माणूस कसा धरायचा ते येतंच. दोन-तीन जण नाव लिहून आलेच नाहीत, एक जण येतो पण पेशंटपाशी बसून मोबाईलवर राजकारण बघतो, त्याला सांगून झालंय. बायकांचं म्हणणं असं की पुरुष येतात तेव्हा त्यांनाच चहा करावा लागतो, तेव्हा आता नियम केलाय की चहा मागायचा नाही, आपला आपण करायचा आणि कप धुऊन ठेवायचा.

विहाराच्या मागच्या खोलीत जिथे नुसती जयंतीची झालर आणि लाकडी बल्ल्या पडलेल्या होत्या तिथे आता एक डोकं वर होणारा लोखंडी पलंग, दोन एअर मॅट्रेस, एक व्हीलचेअर, कमोड खुर्ची असं जमलंय, आईचं सामान तिथूनच सुरू झालं. ज्याला लागेल त्याने वहीत सही करून न्यायचं, पैसे नाहीत, फक्त मॅट्रेस परत देताना डेटॉलच्या पाण्याने पुसून, सुकवून द्यायची आणि मोटार बरोबर द्यायची, मोटारीशिवाय ती नुसती प्लॅस्टिकची चादर आहे. वॉकर दोन होते, एक गणपतीच्या आधीपासून कोणीतरी वहीत न लिहिता नेलाय. आमच्या कॉलनीतलं कोणी हे वाचत असेल तर कृपया बघा, निळ्या रंगाचा आहे, डाव्या पायाचं रबर निघालेलं आहे, गल्ली नंबर चारमध्ये एका आजींना या आठवड्यात प्लास्टर निघाल्यावर लागणार आहे.